खिशातले तीन दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी आज एक नवा माणूस आणला आणि त्याची माझ्याशी ओळख सगळ्यांत शेवटी करून दिली. आधी स्टोअर, मग वेल्डिंग, मग रंगखातं, मग पॅकिंग, आणि फिरून फिरून पाय दुखल्यावर प्लॅनिंग. अशा गोष्टी चुकून होत नाहीत. म्हणून ठरवलं, रोज नाही, पण खटकेल ते लिहून ठेवायचं. उद्या कोणी म्हणालं की असं काही झालंच नव्हतं, तर माझ्याजवळ काहीतरी असावं.

आमच्या कारखान्यात हॉस्पिटलचे बेड बनतात. कोणती ऑर्डर कधी तयार होणार हे गेली बावीस वर्षं मी सांगते. गिऱ्हाईकाचा फोन आला की मी सगळ्या खात्यांना फोन फिरवते, डोक्यात हिशेब मांडते आणि दुसऱ्या दिवशी तारीख कळवते. हा नवा माणूस म्हणे प्रत्येक खात्यात एक स्क्रीन बसवणार. आपल्याकडे माल किती आणि काम किती दिवसांचं, हे ज्याने त्याने तिथे भरायचं. तारीख सिस्टिम काढणार, आणि तीही गिऱ्हाईक फोनवर असतानाच.

"मग मी काय करायचं?" असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो प्रश्न मालकांच्याही डोक्यात आला असता.

माणूस तरुण आहे. जाड चष्मा, हळू बोलणं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं. इतकं नीट ऐकून घेणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. नाव सांगितलं त्याने, पण मी चष्मेवालाच म्हणणार आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाला सकाळीच माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसला. "ताई, तुम्ही तारीख कशी काढता ते मला समजावून सांगाल का?"

मी ताकास तूर लागू दिली नाही. "अनुभवाने," म्हटलं. त्याने ते खरोखर लिहून घेतलं.

त्याला सांगितलं नाही ते इथे लिहायला हरकत नाही. आमच्याकडे प्रत्येकाचा एक खिसा असतो. वेल्डिंगला तीन दिवस लागणार असतील तर आमचे हे चार सांगतात. हे म्हणजे माझे यजमान, वेल्डिंगचे फोरमन. स्टोअरचे भाऊ पाइप संपले म्हणून गळा काढतात तेव्हा मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एका ऑर्डरपुरते पाइप हमखास असतात. रंगवाल्याची रंग पक्का करायची भट्टी विचारावं तेव्हा नुकतीच दुरुस्त होत असते. यात कोणी लबाड नाही. मालक मध्येच कुठली घाई अंगावर टाकतील सांगता येत नाही, म्हणून जो तो थोडं हातचं राखून बोलतो. कोणाचा खिसा केवढा हे मला पाठ आहे. त्यांनी सांगितलेल्यातून मी तेवढं कापते आणि तारीख बरोबर येते.

ह्यांच्या बाबतीत तर कापावंही लागत नाही. ऑफिसात चार दिवस म्हणालेले असतात, आणि घरी जेवताना दुसऱ्या घासाला म्हणतात, "परवा मोकळा होतोय मी."

हे सगळं त्या चष्मेवाल्याला सांगायचं म्हणजे आपल्या हाताने आपली खुर्ची उचलून देणं. दुपारी तो पुन्हा आला. मी फोनवर बोलत असल्यासारखं केलं. फोन खरं तर कोणाचाच नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्क्रीन लागल्या. सगळ्यांनी आकडे भरले, अर्थातच खिशासकट. एका नर्सिंग होमचा फोन आला, वीस बेड हवेत. मालकांनी ऐटीत चष्मेवाल्याला खूण केली. सिस्टिमने तारीख काढली ती तेवीस दिवसांनंतरची. हातातल्या ऑर्डरी संपवूनही आम्ही तेवढे बेड बारा दिवसांत देतो.

मालक स्क्रीनकडे बघत राहिले आणि चष्मेवाला मालकांकडे. मला कारण तिथल्या तिथे कळलं होतं. सिस्टिमने प्रत्येकाचं म्हणणं खरं मानलं होतं आणि सगळ्यांचे खिसे एकापुढे एक जोडले होते. मी मूग गिळून बसले. मला कोणी विचारलं नव्हतं.

नंतर भाऊ पॅकिंगच्या मागे भेटले. म्हणाले, "ताई, यंत्र फारच भोळं आहे हो." आम्ही दोघं पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी इतकं हसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नर्सिंग होम दुसरीकडे गेलं. त्याआधीची एक ऑर्डरही अशीच गेली होती. मालकांनी सगळ्या खातेप्रमुखांना बोलावलं. चष्मेवाला कोपऱ्यात उभा होता.

"पलीकडचे लोक गिऱ्हाईकाने फोन ठेवायच्या आत तारीख सांगतात," मालक म्हणाले. "आपण एक तर उद्या कळवतो म्हणतो, नाहीतर तेवीस दिवस म्हणतो. कोण थांबणार आपल्यासाठी?"

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. एका मोठ्या कंपनीने कारखाना विकत मागितला आहे. त्यांना आमचं नाव हवं आहे आणि गिऱ्हाइकं हवी आहेत. बेड ते त्यांच्या कारखान्यात बनवणार, म्हणजे आम्ही कोणीच त्यांना नको. मालक म्हणाले, "एप्रिलपर्यंत वाट बघतो. एखादी मोठी ऑर्डर वेळेत देऊन दाखवली तर मी विकत नाही. नाहीतर माझ्याने आता होत नाही."

आमच्या घरात दोन पगार येतात, आणि दोन्ही एकाच फाटकातून.

आत्ता लिहिताना एक विचार येतोय. हा चष्मेवाला आला आणि ऑर्डरी जायला लागल्या. मोठ्या कंपनीनेच तर याला इथे पेरला नसेल? मालकांना तो सापडला कुठे, हे कोणीच सांगत नाही. मी दोनदा विचारलं. "जाहिरात दिली होती," म्हणाले. जाहिरात मी तरी पाहिलेली नाही.

६ मार्च, गुरुवार

चष्मेवाल्याने डाव बदलला आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवून तो नुसताच कारखान्यात फिरतो. काल भाऊंबरोबर मागच्या शेडमध्ये अर्धा तास होता. आज चहाच्या सुट्टीत वेल्डिंगमध्ये उलट्या डब्यावर बसला होता आणि आमचे हे त्याला हातवारे करून काहीतरी सांगत होते. ह्यांना घरी चार वाक्यं एका दमात बोलताना मी पाहिलेलं नाही.

मी पंख्याच्या दुरुस्तीचं निमित्त काढून जवळून गेले. चष्मेवाला म्हणत होता, "मी आकडा वाढवायला सांगत नाही आणि कमी करायलाही सांगत नाही. जो आहे तो लिहा. घाई आली तर तिचं काय करायचं ते मी मालकांना दाखवतो." मला पाहताच दोघं गप्प झाले. ह्यांनी चहाचा पेला उचलला, तर तो रिकामाच होता.

घरी विचारलं, काय गुफ्तगू चालली होती. "काही नाही, कामाचं," म्हणाले.

स्क्रीनवरच्या तारखा गेल्या दोन दिवसांत झपाट्याने खाली आल्या आहेत. तेवीसचे पंधरा, पंधराचे तेरा. वेल्डर तेच, भट्टी तीच. म्हणजे कोणीतरी आकड्यांना हात लावतंय. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ मार्च, मंगळवार

आज जेवताना खडा टाकून पाहिला. "नव्या ऑर्डरीला वेल्डिंगचे पाच दिवस लिहिलेत. खरे किती?"

"पाच."

"अहो, मी विचारतेय. ऑफिसातलं कोणी नाही."

"मग मीही तुलाच सांगतोय ना. पाच."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "आता खिसा लागत नाही. मध्येच घाईचं काम घुसलं तर कोणती ऑर्डर मागे पडणार ते मालकांना स्क्रीनवर दिसतं. परवा मालकांनी स्वतःच एक घाई मागे घेतली. मग उगाच फुगवून कशाला सांगायचं? मला तरी त्याचा कंटाळाच आला होता."

इतके दिवस कंटाळा आला नव्हता तो. चष्मेवाल्याने ह्यांना चांगलंच पढवलं आहे. आणि वाईट याचं वाटतं की आजवर बाहेर काहीही सांगोत, या पाटावर मला खरं मिळायचं. आता घरातही ऑफिसचाच आकडा.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं, तो खोटं बोलला की त्याला जेवण जात नाही. लहानपणापासूनचं आहे. आज दोनदा वाढून घेतलंय त्याने." सासूबाईंना मुलाच्या ताटापलीकडे काही दिसत नाही.

पाच म्हणजे चारच असणार. मनात तशी नोंद करून ठेवली.

१९ मार्च, बुधवार

दोन छोट्या ऑर्डरी स्क्रीनने सांगितलेल्या दिवशी बाहेर पडल्या. अगदी त्याच दिवशी. आमच्याकडे कधीच काही नेमक्या दिवशी होत नाही. एक दिवस आधी होतं किंवा एक दिवस उशिरा. मला वाटतं, स्क्रीन खरी ठरावी म्हणून कोणीतरी मुद्दाम हात आखडता घेतंय. भाऊंना तसं म्हटलं, तर ते नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. पूर्वी माझ्या बोलण्यावर लगेच मान डोलवायचे.

दुपारी चष्मेवाला आला. उभ्यानेच म्हणाला, "ताई, सिस्टिमला आकडे कळतात, माणसं कळत नाहीत. कोणती ऑर्डर आधी घ्यायची, कोणतं गिऱ्हाईक थांबेल, कोणतं थांबणार नाही, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. माझं काम संपलं की हे सगळं तुम्हीच बघावं, असं मी मालकांना सांगितलं आहे."

इतकं लोणी मला आजवर कोणी लावलेलं नाही. मला वर बसवणार, सिस्टिम कोसळली की खापर माझ्या डोक्यावर फोडणार, आणि हा आपला लॅपटॉप बगलेत मारून मोकळा. मी म्हटलं, "बघू." तो म्हणाला, "मग उद्यापासून रोज एक तास बसूया का?" मी सांगितलं की उद्या मला वेळ नाही. परवाही नाही.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते तारखेसकट लिहून ठेवण्यासारखं आहे.

नव्या मोठ्या हॉस्पिटलचा फोन. साठ बेड, पहिल्या मजल्यासाठी. ते नीट मिळाले तर दुसऱ्या मजल्याचे शंभरही आम्हालाच. म्हणजे मालक ज्या ऑर्डरीची वाट बघत होते तीच. फोनवर तिथल्या खरेदीवाल्या बाई होत्या, आवाज करड्या शिक्षिकेसारखा. म्हणाल्या, "दुसरीकडून मला दहा दिवस सांगितलेत. तुमचं बोला. मी फोन धरून आहे."

मालकांनी फोनवर हात ठेवला. सगळ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. हातात दुसरी ऑर्डर नव्हती, तरी अकरा दिवस.

मग मालक माझ्याकडे वळले. "बाई?"

दीड महिन्यात पहिल्यांदा. मी मनात हिशेब मांडला. ह्यांच्या सहा दिवसांतून एक कापला. भाऊंनी पाइप मागवायला लिहिलेला एक दिवस कापला, कारण ताडपत्री आहे. भट्टीचा एक कापला. "आठ," म्हटलं.

चष्मेवाला पुढे आला. "ताई, त्या अकरामध्ये राखीव काही नाही. सगळ्यांनी आहे तेवढंच लिहिलंय. मी प्रत्येकाशी बोललोय."

"मी बावीस वर्षं बोलतेय," मी म्हटलं.

मालकांनी हात काढला आणि बाईंना आठ सांगितले. बाई म्हणाल्या, "आठ म्हणजे आठ ना? एक तारखेला मी माणसं बोलावते." मालकांनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, "आठ म्हणजे आठ."

ऑर्डर आमची झाली. मालकांनी माझा हात दाबला. चष्मेवाला स्क्रीनसमोर बसून राहिला होता. ह्यांना बातमी कळली तेव्हा मी तिथे नव्हते. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आठ तू सांगितलेस?" मी हो म्हटलं. ते हातपाय धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

२५ मार्च, मंगळवार

भाऊ म्हणतात पाइप उद्या येतील. मी म्हटलं, तोवर ताडपत्रीखालचे काढा. ते म्हणाले, "ताई, तिथे काही नाही."

मी स्वतः मागच्या शेडमध्ये गेले. ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली, आणि खाली झाडून घेतलेली फरशी. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते चोरीचं.

भाऊ मागून आले. "मी ते सगळे सिस्टिममध्ये चढवले, दोन आठवडे झाले. मागच्या दोन ऑर्डरी त्यातूनच गेल्या. स्क्रीनवर होतं की."

"मला सांगायचंत ना."

"स्क्रीनवर होतं ताई," ते पुन्हा म्हणाले.

यात त्यांचं अंग किती आणि चष्मेवाल्याचं किती, हे अजून माझ्या लक्षात येत नाही. भाऊंसारखा माणूस एका महिन्यात ताडपत्री घडी करून ठेवतो, यामागे काहीतरी असलंच पाहिजे.

३० मार्च, रविवार

सुट्टी नाही. वेल्डिंग चालू होतं, म्हणून मीही गेले. फ्रेम पक्की धरून ठेवायचा साचा आमच्याकडे एकच आहे. एक फ्रेम त्यातून निघेपर्यंत दुसरी आत जात नाही. हे मला माहीत आहे, तरी मी ह्यांना सगळ्या वेल्डरांसमोर म्हटलं, "जरा हात उचला. कोणाच्या सांगण्यावरून हळू चाललंय का?"

वेल्डर आपापल्या कामात मान खाली घालून बसले. ह्यांनी तोंडावरची काच वर केली. मला वाटलं ओरडतील, पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता.

"इतकी वर्षं सगळ्यांना फुगवून सांगितलं आणि तुला खरं सांगितलं. या वेळी सगळ्यांना खरं लिहून दिलं, तुलाही तेच सांगितलं, आणि कापलंस ते तू. आता अर्ध्या थंड झालेल्या फ्रेमा साच्यातून काढू का? उद्या त्या बेडवर माणूस झोपणार आहे."

काच खाली केली आणि पुन्हा ठिणग्या उडायला लागल्या.

मी ऑफिसात येऊन स्क्रीन उघडली. वेल्डिंगच्या पुढे आजही तोच आकडा होता, कोणी हात न लावलेला. मी आजवर ती स्क्रीन नीट वाचलीच नव्हती, त्यात खोट कुठे आहे तेवढंच शोधत होते. आज पहिल्यांदा ओळीने वाचली. मला एकही जागा सापडली नाही जिथे कापता येईल.

१ एप्रिल, मंगळवार

दोन तृतीयांश बेड तयार झाले. बाकीच्यांच्या फ्रेमा रंगाच्या रांगेत. हॉस्पिटलची माणसं ट्रक घेऊन आली, असतील तेवढे घेऊन गेली. खरेदीवाल्या बाई स्वतः आल्या नाहीत, त्यांनी फोनही केला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मालक मला रागावले नाहीत. फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही कधी चुकत नाही म्हणून मी स्क्रीन बाजूला सारली." रागावले असते तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

मालकांना म्हटलं, बाईंशी मी बोलते. फोन लावायच्या आधी मी प्रत्येक खात्यात स्वतः जाऊन आले. ह्यांच्यापुढेही उभी राहिले, कोणी परकी असल्यासारखी, आणि विचारलं. त्यांनी सांगितलं. भट्टीवाल्याने सांगितलं. स्क्रीनवरही तेच होतं. शुक्रवार, चार तारीख. म्हणजे सुरुवातीपासूनचे अकरा दिवस. मी त्यातून काही काढलं नाही आणि वर काही ठेवलं नाही. अशी तारीख मी नोकरीत कधीच कोणाला सांगितली नव्हती.

"राहिलेले बेड शुक्रवारी दुपारी तुमच्या दारात असतील," मी सांगितलं.

"तुमचा शुक्रवार म्हणजे माझा पुढचा मंगळवार," बाई म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत मला थांबता येणार नाही. उरलेले मी काल दुसरीकडे सांगितले. दुसऱ्या मजल्याचेही त्यांनाच दिले."

"शुक्रवार म्हणजे शुक्रवारच. मी खरं सांगतेय."

"असेल," त्या म्हणाल्या. अगदी सभ्यपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर तसाच हातात धरून बसले. मला रडू आलं. ऑफिसात, दिवसाढवळ्या, सगळे ये-जा करत असताना. कोणी थांबून विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारच्या चहाच्या आधी उरलेले बेड पूर्ण झाले. अंगावर प्लास्टिक चढवून अंगणात रांगेत उभे आहेत. त्यांना न्यायला कोणी येणार नाही.

चष्मेवाला निरोप घ्यायला आला. मालकांनी त्याला महिन्याचा पगार देऊन मोकळं केलं. तो म्हणाला, "ताई, चूक माझीही आहे. सगळ्यांकडून खरे आकडे लिहून घेतले, पण ते खरे आहेत हे तुम्हाला पटावं म्हणून काहीच केलं नाही. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही आला होतात, मलाच वेळ नव्हता. तो बोलत असताना मी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. काही लपवलेलं दिसलं नाही. जाताना त्याने माझ्या स्क्रीनवरची धूळ बाहीने पुसली, आणि मग फाटकातून पायीच गेला. मोठ्या कंपनीची गाडी वगैरे काही आली नव्हती. मी खिडकीतून पाहत होते.

११ एप्रिल, शुक्रवार

कारखाना जाणार. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्यांनी माझं नाव कुठेही घेतलं नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. जूनअखेर फाटक बंद होईल. भाऊंनी स्टोअरच्या किल्ल्या उगाचच दोनदा मोजल्या.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या उठून देवापाशी जाऊन बसल्या.

जेवताना हे म्हणाले, "मोठ्या कंपनीचा माणूस आज वेल्डिंगमध्ये आला होता. सगळ्यांतून मला एकट्याला ठेवून घ्यायला तयार आहेत. त्यांच्याकडे जाऊन राहावं लागेल. मी नाही म्हणालो."

"खरंच नाही म्हणालात?"

तोंडातून निघून गेलं. शब्द परत घेता आले असते तर घेतले असते. ह्यांचा घास हातातच राहिला.

"मला तसं नव्हतं म्हणायचं," मी म्हटलं. "मानते मी. तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाहीच म्हणाला असणार. विश्वास आहे माझा."

"पूर्ण की कापून?" त्यांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

"पूर्ण," मी म्हटलं.

"असेल," ते म्हणाले, आणि ताटाकडे बघत जेवत राहिले.